माणसं, कण आणि कोयते : समाज समजून घेताना भौतिकशास्त्र कुठवर साथ देतं?

(नंदुरबार येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



मागच्या वेळी व्याख्यान संपल्यावर इंजिनीअरिंगला शिकणारा एक मुलगा माझ्याकडे आला. म्हणाला, "सर, तुम्ही म्हणता माणूस स्वतंत्र आहे, त्याला इच्छा आहे, त्याचं भाकीत करता येत नाही. मान्य. पण गॅसच्या सिलिंडरमधला एक रेणू कुठे जाईल हेसुद्धा कोणी सांगू शकत नाही. तरी सिलिंडर तापवला की दाब किती वाढेल, हे आम्ही अचूक सांगतो. मग एका माणसाचं सांगता येत नसेल, पण अख्ख्या जिल्ह्याचं का सांगता येऊ नये?"

प्रश्न चांगला आहे. मी त्याला म्हटलं, दोन वाक्यांत उत्तर दिलं तर ते खोटं ठरेल, पुढच्या वेळी सावकाश बोलू. म्हणून आजचा विषय. भौतिकशास्त्रातली मॉडेल्स, म्हणजे प्रतिमानं, समाजाला लावली तर काय हाती लागतं आणि काय निसटतं?

हा विषय हवेत राहू नये म्हणून एक आपल्याच जिल्ह्यातला प्रश्न समोर ठेवतो. दिवाळी झाली की सातपुड्याच्या पायथ्यापासून ट्रक निघतात. माणसं, भांडी, गोधड्या, कोंबड्या, लहान पोरं, सगळं त्यात भरलेलं असतं. ऊसतोडीला चाललेली माणसं. बरीचशी गुजरातेत, बारडोलीकडे, सुरतेच्या बाजूला. उन्हाळा तोंडावर आला की परत येतात. आता प्रश्न असा, की ही माणसं का जातात? आणि तिकडेच का जातात? या एका प्रश्नावर आपण भौतिकशास्त्राची परीक्षा घेऊ. उलट दिशेनंही घेऊ, म्हणजे आपल्या नेहमीच्या उत्तरांची परीक्षा भौतिकशास्त्राला घेऊ देऊ.

आधी थोडा इतिहास, कारण त्यात एक गंमत आहे. आपल्याला वाटतं की भौतिकशास्त्र आधी झालं आणि मग समाजशास्त्रानं त्याची नक्कल केली. अर्धंच खरं आहे. ऑगस्त कोंत या फ्रेंच तत्त्वज्ञानं समाजाच्या अभ्यासाला "सामाजिक भौतिकशास्त्र" असं नाव दिलं होतं. पुढे बेल्जियममधल्या अदोल्फ केतले या खगोलशास्त्रज्ञानं 1835 साली माणसावर एक ग्रंथ लिहिला आणि त्याच्या उपशीर्षकात तेच नाव वापरलं. कोंतला ते अजिबात आवडलं नाही. त्यानं नवा शब्द घडवला, "सोशिऑलॉजी". आज आपण ज्याला समाजशास्त्र म्हणतो त्याचं इंग्रजी-फ्रेंच नाव असं रागातून जन्माला आलं.

केतलेनं काय केलं? ग्रहताऱ्यांच्या निरीक्षणांत होणाऱ्या चुका कशा पसरतात, याचा एक नियम खगोलशास्त्रज्ञांना ठाऊक होता. मधल्या आकड्याभोवती गर्दी, दोन्ही बाजूंना विरळ. तोच घंटेच्या आकाराचा आलेख त्यानं माणसांची उंची, छातीचा घेर, अगदी गुन्ह्यांचं प्रमाण यांना लावला. दरवर्षी गुन्हे करणारी माणसं वेगळी, पण आकडा जवळजवळ तोच! लोक चकित झाले.

आता गंमत ऐका. केतलेच्या कामाची माहिती इंग्लंडमध्ये जॉन हर्शेलच्या एका दीर्घ परीक्षणातून पोचली. ती वाचणाऱ्यांत जेम्स क्लार्क मॅक्सवेल होता. वायूच्या रेणूंचे वेग कसे विखुरलेले असतात याचा नियम मॅक्सवेलनं 1860 साली प्रसिद्ध केला, आणि त्यामागे या समाजाच्या आकडेवारीची प्रेरणा होती, असं विज्ञानाचा इतिहास लिहिणारे सांगतात. म्हणजे त्या मुलाला मी सांगेन, की बाबा रे, तू ज्या सिलिंडरचा दाखला देतोस, त्याचं गणित काही अंशी माणसांची मोजदाद करणाऱ्यांकडून आलेलं आहे. देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी आहे. तेव्हा "माणसाला भौतिकशास्त्र लावणं म्हणजे माणसाचा अपमान" असं म्हणून आपल्याला सुटका करून घेता येत नाही.

मॉडेल म्हणजे काय, हे एकदा नीट समजून घेऊ. मॉडेल म्हणजे मुद्दाम गाळलेलं चित्र. शेतजमिनीचा नकाशा बघा. त्यात बांध आहे, गट नंबर आहे, विहीर आहे. बांधावरच्या आंब्याची चव नाही. ती नाही म्हणून नकाशा खोटा होत नाही. नकाशाचं काम वाटणीचं भांडण मिटवणं हे आहे. अडचण तेव्हा होते, जेव्हा आपण गाळलं आहे हेच विसरतो आणि म्हणतो, नकाशात नाही म्हणजे शेतातही नाही.

आता आपल्या ट्रकांकडे येऊ.

स्थलांतराला लावलेलं सगळ्यात प्रसिद्ध मॉडेल न्यूटनकडून उसनं घेतलेलं आहे. दोन वस्तूंमधलं आकर्षण त्यांच्या वस्तुमानांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतं आणि अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात. वस्तुमानाच्या जागी लोकसंख्या घाला, झालं. 1885 मध्ये रेव्हनस्टाइन या भूगोलतज्ज्ञानं ब्रिटनच्या जनगणनेवरून "स्थलांतराचे नियम" मांडले. बहुतेक माणसं जवळच जातात, लांब जाणारे मोठ्या शहरांकडे जातात, आणि प्रत्येक प्रवाहाला एक उलटा प्रवाह असतो. पुढे 1940च्या दशकात प्रिन्स्टनचा खगोलशास्त्रज्ञ जॉन स्ट्यूअर्ट यानं पाहिलं, की त्याच्या विद्यापीठात येणाऱ्या मुलांची संख्या अंतर वाढेल तशी ठरावीक रीतीनं कमी होते. त्यानं थेट गुरुत्वाकर्षणाची भाषा वापरली. 1946 साली झिफ यानं दोन शहरांमधल्या ये-जा करण्याला साधं सूत्र दिलं : दोन्ही लोकसंख्यांचा गुणाकार, भागिले अंतर. आणि 1962 मध्ये टिनबर्गेन या मूळच्या भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यानं हेच देशादेशांमधल्या व्यापाराला लावलं. अर्थशास्त्राचं पहिलं नोबेल मिळालेल्या दोघांपैकी हा एक. व्यापाराच्या अभ्यासात हे मॉडेल आजही वापरतात, कारण ते बऱ्यापैकी लागू पडतं.

चला, कागद-पेन्सिल घेऊन नंदुरबारचं गणित करू. 2011च्या जनगणनेत सुरत शहर सुमारे 44 लाख 67 हजार, मुंबई सुमारे 1 कोटी 24 लाख. इथून सुरत साधारण 160 किलोमीटर धरा, मुंबई 400. नंदुरबारची लोकसंख्या दोन्हीकडे सारखीच, ती सोडून द्या. अंतराच्या वर्गानं भागलं तर सुरतेची ओढ मुंबईच्या सव्वादोन पट येते. बघा, मॉडेल बरोबर सांगतं! राजधानी मुंबई, मंत्रालय मुंबईत, पण पावलं सुरतेकडे वळतात. सुरतेची गाडी पकडणाऱ्या कोणालाही विचारा.

पण थांबा. झिफच्या सूत्राप्रमाणे वर्ग न करता नुसत्या अंतरानं भागा. आता मुंबईची ओढ किंचित जास्त येते. तीच गावं, तीच माणसं, एक छोटासा घातांक बदलला आणि उत्तर फिरलं. न्यूटनच्या नियमात तो 2 हा आकडा कोणाच्या मर्जीवर नाही, तो विश्वाच्या रचनेत आहे. समाजाच्या मॉडेलमध्ये तो आकडा आपण आधी लोक कुठे गेले ते बघून बसवतो. म्हणजे हे सूत्र लोक का गेले हे सांगत नाही. गेलेल्या लोकांचा तो एक आटोपशीर गोषवारा आहे. गोषवारा कामाचा असतो. पण तो कारण नव्हे.

अंतराचंही तसंच. पृथ्वी आणि सूर्य यांच्यातलं अंतर म्हणजे अंतर, त्यात वाद नाही. पण अक्राणीतल्या एखाद्या पाड्यापासून धडगावचं अंतर किती? नकाशावर एक, पायवाटेनं दुसरं, पावसाळ्यात तिसरं. नर्मदाकाठी सरदार सरोवराचं पाणी चढलं, अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली 33 गावं बाधित झाली, मणिबेली हे त्यांतलं पहिलं. जिथे माणसं चालत जात होती तिथे होडी लागू लागली. अंतर वाढलं, आणि ते निसर्गानं वाढवलं नाही. एका निर्णयानं वाढवलं. सूत्रातल्या "अंतर" या निरुपद्रवी दिसणाऱ्या अक्षराच्या पोटात असे निर्णय दडलेले असतात.

आता खरी कसोटी. ऊसतोडीचं काय?

गुरुत्वाकर्षणाचं मॉडेल म्हणेल, बारडोलीच्या उसाला मजूर हवेत, तर सगळ्यात आधी सगळ्यात जवळचे मजूर ओढले जातील. तिथलेच भूमिहीन. ते संपले की मग पुढचं वर्तुळ, मग त्यापुढचं. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञानं दक्षिण गुजरातच्या खेड्यांत 1960च्या दशकापासून काम केलं. पुढच्या दशकात त्यानं बारडोली भागातल्या ऊसतोड मजुरांचा अभ्यास केला. त्याला काय दिसलं? ऊस तोडायला खानदेशातून माणसं आणली जात होती. त्या वेळी नंदुरबार हा वेगळा जिल्हा नव्हता, धुळे जिल्ह्यातच होता. वेगळा झाला 1 जुलै 1998 रोजी. तर खानदेशातून माणसं येत होती, आणि त्याच उसाच्या शेजारी राहणारे हळपती, तिथले पिढीजात शेतमजूर, ते हाताला काम नाही म्हणून वीटभट्ट्यांवर बाहेर जात होते.

हे नीट ऐका. जवळचा माणूस बाहेर जातोय आणि लांबचा माणूस आत येतोय, एकाच मोसमात. असं कोणतं गुरुत्व असतं?

ब्रेमनचं उत्तर असं, की बाहेरचा मजूर मुद्दाम निवडला जातो. कारण तो शेतातच खोपटं टाकून राहतो. रात्री-अपरात्री गाडी आली तरी उठून भरतो. गावात त्याचं कोणी नाही, त्यामुळे मजुरीवरून भांडायला त्याच्या पाठीशी कोणी उभं राहत नाही. मोसम संपला की तो निघून जातो. आणि तो मोसम अर्धवट सोडून जात नाही, कारण त्यानं उचल घेतलेली असते. पावसाळ्यात घरात दाणा नसताना, कोणाचं आजारपण असताना, लग्न असताना मुकादम येतो आणि आगाऊ रक्कम देतो. तिचा हिशोब मोसमाच्या शेवटी. म्हणजे ट्रक दिवाळीनंतर निघतो, पण माणूस पावसाळ्यातच बांधला गेलेला असतो.

आणि मोजतात कसं? नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. "किती कोयते आणले?" असं विचारतात. मित्रहो, हेसुद्धा एक मॉडेलच आहे! कोणा भौतिकशास्त्रज्ञानं नाही बनवलं, पण त्यानं गाळायचं ते चोख गाळलं आहे. दोन माणसं गाळली, हत्यार ठेवलं. बाईची मजुरी वेगळी मोजायची सोय त्यात नाही. मोळ्या उचलणाऱ्या पोराची तर नाहीच.

म्हणून मला "ओढ" या शब्दाची काळजी वाटते. "सुरतेची ओढ आहे", "मोठी शहरं माणसं खेचतात", असं आपण सहज बोलतो. सफरचंद जमिनीवर पडतं, त्याला कोणी जबाबदार नसतं. माणसं सुरतेवर "पडतात" असं म्हटलं की मुकादम दिसेनासा होतो, उचल दिसेनाशी होते, मजुरीचा दर ठरवणारे दिसेनासे होतात, आणि इथे रोजगार हमीचं काम वेळेवर सुरू झालं का, हा प्रश्नही दिसेनासा होतो. सगळे दोषमुक्त. नियमच आहे ना! ही या मॉडेलची खरी किंमत आहे, आणि ती गणितातल्या चुकीपेक्षा मोठी आहे.

इथपर्यंत ऐकून तुम्हाला वाटेल, सर शेवटी तत्त्वज्ञानाचेच, भौतिकशास्त्राला झोडपून मोकळे झाले. तसं नाही. आता उलटं उदाहरण देतो.

25 जानेवारी 2005. सातारा जिल्ह्यात वाईजवळ मांढरदेवीच्या काळूबाईची यात्रा. चिंचोळा डोंगरी रस्ता, पायऱ्या, दोन्ही बाजूंना दुकानं, वर चढणारी गर्दी आणि खाली उतरणारी गर्दी. चेंगराचेंगरी झाली, आग लागली, सुमारे तीनशे माणसं गेली. अशी घटना घडली की आपण काय म्हणतो? "लोक बेभान झाले." "धक्काबुक्की केली." "आपल्या लोकांना शिस्तच नाही." म्हणजे मेलेल्यांनाच दोष.

इथे भौतिकशास्त्र काय म्हणतं ते ऐका. एका चौरस मीटरमध्ये दोन-तीन माणसं असतील तर प्रत्येक जण आपलं पाऊल आपण टाकतो. थांबावंसं वाटलं तर थांबतो. पण त्याच चौरस मीटरमध्ये सहा-सात माणसं झाली, की पाऊल तुमचं राहत नाही. शरीर शरीराला टेकलेलं असतं, मागून आलेला दाब पुढे जातो, गर्दीतून लाटा जाऊ लागतात. माणसं पाण्यासारखी वाहतात. डर्क हेल्बिंगसारख्या भौतिकशास्त्रज्ञांनी 1990च्या दशकापासून या प्रवाहाची समीकरणं मांडली. त्यातून कळतं ते असं, की कोणीही मुद्दाम ढकललेलं नसताना माणसं गुदमरून मरू शकतात. मागच्याला पुढे काय चाललंय ते दिसत नाही. तो फक्त अर्धं पाऊल पुढे सरकतो. अशी हजार अर्धी पावलं पुढच्या माणसाच्या छातीवर येतात.

मग दोष कोणाचा? जाण्याची आणि येण्याची वाट एकच ठेवली, वाटेत दुकानांना जागा दिली, एका वेळी किती जणांना सोडायचं हे कोणी मोजलं नाही. विचारायचं ते याबद्दल. आपल्या सारंगखेड्याला दत्तजयंतीला तापीकाठी केवढी यात्रा भरते, तुम्ही जाता. तिथे वाटा किती रुंद, आत जाणारे आणि बाहेर येणारे वेगळे कुठे होतात, हे बघायला शिका. हा धडा शिस्तीच्या व्याख्यानानं मिळत नाही, तो प्रवाहाच्या गणितानं मिळतो.

बघा, साधन तेच आहे. माणसाला कण मानलं. ऊसतोडीच्या बाबतीत असं मानल्यानं जबाबदार माणसं सुटली. यात्रेच्या बाबतीत असं मानल्यानं निरपराध माणसांवरचा आळ गेला आणि खरी जबाबदारी दिसली. एका ठिकाणी मॉडेल आंधळं, दुसऱ्या ठिकाणी डोळस. फरक कुठे पडला?

माझं उत्तर असं आहे. गर्दीत अडकलेल्या माणसाची निवड त्या काही मिनिटांसाठी खरोखरच संपलेली असते. तो त्या क्षणी कणासारखा वागत नाही, तो कण झालेला असतो. त्याला अडवणारी गोष्ट दाब आहे, आणि दाब हा भौतिकच आहे. म्हणून भौतिकशास्त्र तिथे अक्षरशः खरं आहे. ऊसतोड मजुराची निवडही आकुंचन पावलेली आहे, पण त्याला अडवणारी गोष्ट उचल आहे. उचल हा व्यवहार आहे. त्याला देणारा आहे, घेणारा आहे, अटी आहेत, त्या अटी बदलता येतात. कर्जाला "बल" म्हटलं की करार नाहीसा होतो. तेव्हा मॉडेल वापरताना विचारायचं, की इथे माणसाला जे बांधून ठेवतंय, ते भिंतीसारखं आहे की करारासारखं?

आणखी एक फरक आहे. रेणू मॅक्सवेलचा निबंध वाचत नाहीत. माणसं वाचतात, आणि माणसांवर राज्य करणारे तर नक्की वाचतात. समजा एखाद्या अधिकाऱ्यानं सूत्र वाचलं : लोक मोठ्या गावांकडे जातात. मग रस्ता मोठ्या गावाला, दवाखाना मोठ्या गावाला, कमी पटाची शाळा बंद करून मुलं मोठ्या गावाला. दहा वर्षांनी पाडा रिकामा होतो, आणि अधिकारी म्हणतो, बघा, सूत्र खरं ठरलं. मर्टन या समाजशास्त्रज्ञानं 1948 मध्ये अशा भाकितांबद्दल लिहिलं, जी केली म्हणूनच खरी होतात. पृथ्वीचं वजन कमी आहे असं आपण म्हटल्यानं ते कमी होत नाही. पाड्याचं होतं.

मग या साधनाचं करायचं काय? इथे मला आपल्याच परंपरेतला एक माणूस आठवतो : दामोदर धर्मानंद कोसंबी. जन्म 1907, गोव्याचा. धंद्यानं गणितज्ञ. पुण्यात फर्ग्युसनमध्ये शिकवलं, मग टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. या माणसानं तक्षशिलेला सापडलेली आहत नाणी, म्हणजे ठसे मारलेली चांदीची जुनी नाणी, एकेक करून तराजूवर तोलली. का? विचार असा : नाणं टाकसाळीतून निघतं तेव्हा त्याचं वजन साधारण ठरलेलं असतं. ते हातोहात फिरतं तसं झिजतं. एक नाणं किती झिजेल ते सांगता येणार नाही, पण हजार नाण्यांची सरासरी झीज काळाबरोबर वाढते, आणि वजनांमधला फरकही पसरत जातो. अगदी सिलिंडरमधल्या रेणूंसारखा विचार. आधी त्यांनी चालू काळातली नाणी तोलून हे खरं आहे का ते तपासलं, मग जुन्या नाण्यांना लावलं. नाण्यांच्या मागच्या बाजूला वेळोवेळी मारलेले छोटे ठसे जितके जास्त, तितकं वजन कमी, हेही जुळलं. त्यावरून कोणती नाणी आधीची आणि कोणती नंतरची, याचा क्रम त्यांनी लावला. ज्या राजांबद्दल एक ओळ लिहिलेली नाही, त्यांच्या काळाबद्दल तराजू बोलू लागला.

हे भौतिकशास्त्राच्या पद्धतीनं केलेलं समाजाचं उत्तम आकलन आहे. पण कोसंबी तिथे थांबले का? नाही. हाच माणूस पुण्याभोवतीच्या टेकड्या पायाखाली घालत होता. रस्त्याकडेचे शेंदूर लावलेले दगड, खेड्यातल्या देवी, धनगरांच्या वाटा, हे सगळं बघत आणि लोकांना विचारत फिरत होता. 1956 साली त्यांचं भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरचं जे पुस्तक आलं, त्यात तराजू आणि पायपीट दोन्ही आहेत. नाण्याला विचारता येत नाही, म्हणून तोलायचं. माणसाला विचारता येतं, तर नुसतं तोलून कसं चालेल?

तेव्हा त्या इंजिनीअरिंगच्या मुलाला माझं उत्तर असं. बाळा, जिल्ह्याचं गणित जरूर मांड. मॉडेल सांगेल की अमुक गावातून अमुक इतकी माणसं जायला हवीत. मग प्रत्यक्ष मोजून बघ. जिथे जुळलं, तिथे मॉडेलनं तुझे कष्ट वाचवले. जिथे जुळलं नाही, तिथे मॉडेलला नावं ठेवू नकोस आणि गावालाही ठेवू नकोस. ती चूक म्हणजे पत्ता आहे. त्या पत्त्यावर जा आणि विचार. जवळचं काम सोडून लोक लांब का जातात? तिथे तुला मुकादम भेटेल, उचल भेटेल. जायला हवेत त्यापेक्षा कमी का जातात? तिथे कदाचित कोणीतरी बंधारा बांधलेला असेल, दुसरं पीक निघत असेल. हा फरक डोळ्यांत भरावा म्हणून तर मॉडेल हवं. मॉडेल नसतं तर आपल्याला सगळंच सवयीचं वाटलं असतं.

आणि मॉडेल हाती घेताना तीन प्रश्न विचार. यात काय गाळलं आहे? जे बंधन म्हणून दाखवलंय ते निसर्गाचं आहे की कोणी घातलेलं? आणि हे मान्य केलं तर कोण दोषातून सुटतं? तिसरा प्रश्न भौतिकशास्त्राच्या पुस्तकात नसतो, कारण तिथे त्याची गरज नसते. आपल्याला मात्र तो टाळता येत नाही.

बोलणं संपलं. एका ताईंनी हात वर केला आहे, त्यांचा प्रश्न घेऊ.

(श्रोत्यांतून प्रश्न : सर, हे ऐकायला पटतं. पण या गणिताचा आमच्या मुलांना आज काही उपयोग आहे का? मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते.)

आहे, ताई, आणि तुमच्याकडेच आहे. तुमच्या हजेरीपटात आहे. दिवाळीनंतर कोणत्या पाड्यावरची किती मुलं पटावरून गळतात, हे दहा वर्षांचं तुमच्याकडे लिहिलेलं असेल. त्यावरून यंदा किती जातील याचा अंदाज सप्टेंबरातच बांधता येतो. एकेका मुलाचं सांगता येणार नाही, पण पाड्याचं सांगता येईल. आईबाप गेले तरी मुलं गावात राहून शिकावीत म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आहे. ती ट्रक निघून गेल्यावर सुरू होऊन काय उपयोग? तुमचा आकडा आधी पोचला तर ती वेळेवर सुरू करा म्हणून भांडता येतं. इथे सिलिंडरचं गणित कामाला येतं.

पण तेवढ्यावर थांबू नका. माझ्या वर्गात एक मुलगा होता. दरवर्षी नोव्हेंबरात नाहीसा व्हायचा, होळीच्या सुमारास परत यायचा. मी त्याच्या नावापुढे वर्षानुवर्षं गैरहजेरीच्या खुणा केल्या. तर्कशास्त्र शिकवत होतो मी त्याला, अनुमान कसं करावं ते! एकदा त्यानंच सांगितलं, की आईचा हात दुखावला होता, बापाबरोबर दुसरा कोयता म्हणून तो जात होता. मला त्याचा नोव्हेंबर पाठ होता. कारण मी विचारलं नव्हतं.

तर ताई, हजेरीपटावरून आकडा काढा. आणि मग एकेकाच्या घरी जाऊन विचारा.